वाळवंटातील सहावे स्थानक

स्मरणिकेत कार्यवृत्त, हिशेब आणि देणगीदारांची नामावली असतेच. त्यांच्या जोडीला घरातील शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांना वाचता येईल असा एखादा शास्त्रीय लेख असावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. विषय निवडण्याची मोकळीक मिळाल्यामुळे आकाशातून पडलेल्या एका दगडाची हकिगत येथे सांगण्याचे योजिले आहे. हा दगड आपल्या देशात पडलेला नाही. तो आफ्रिकेतील सुदान देशात, नुबियन वाळवंटात पडला. परंतु अवकाशात फिरत असताना ज्याला मनुष्याने दुर्बिणीतून पाहिले, तो कोठे व केव्हा पडणार हे आधी सांगितले, आणि मग पायी हिंडून ज्याचे तुकडे हाताने उचलले, असा हा पहिलाच दगड होय. त्याची तारीख ७ ऑक्टोबर २००८. आपल्याकडे बडोद्यात तेव्हा नवरात्र चालू होते. दसरा दोन दिवसांवर आला होता.

प्रथम शब्दांची थोडी उकल करू. रात्री आकाशात तेजाची रेघ ओढली जाते तेव्हा आपण 'तारा तुटला' असे म्हणतो. तुटतो तो तारा नव्हे. वाळूच्या कणाएवढा किंवा वाटाण्याएवढा खडा अतिशय वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतो, त्याच्या पुढची हवा दडपली जाऊन तापते, खडा जळतो आणि आपल्याला उजेड दिसतो. ही उल्का. बहुतेक उल्का जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच संपतात. मूळ खडा पुरेसा मोठा असेल तर त्याचा काही भाग जळून उरतो व खाली येतो. त्या उरलेल्या भागास अशनी म्हणतात. अवकाशात सूर्याभोवती फिरणारे जे मोठे धोंडे असतात, काही घराएवढे, काही डोंगराएवढे, काही त्याहूनही मोठे, त्यांना लघुग्रह हे नाव आहे.

आकाशातून दगड पडतात हे खेड्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. युरोपातील विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांना हसत होते. पुढे त्यांचे हसू मावळले, त्यात आपल्या काशीचाही वाटा आहे. १७९८ च्या डिसेंबरात काशीजवळ पडलेले दगड इंग्लंडात पाठविण्यात आले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने इतर ठिकाणच्या अशनींबरोबर त्यांचे पृथक्करण करून १८०२ मध्ये दाखवून दिले की, एकमेकांपासून हजारो मैलांवर पडलेले हे दगड परस्परांसारखे आहेत आणि पृथ्वीवरील सामान्य खडकांपेक्षा निराळे आहेत. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल या गावी दगडांचा पाऊस पडला, तेव्हा वादच मिटला.

तेव्हापासून जगातील संग्रहालयांत अशनी साठत गेले. आज त्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. दुसरीकडे खगोलशास्त्रज्ञांनी लघुग्रहांच्या प्रकाशाचे वर्णपट घेऊन त्यांचे वर्ग पाडले आणि त्या वर्गांना रोमन अक्षरांची नावे दिली. अडचण होती ती येथेच. मुलांच्या पत्रिकांचा गठ्ठा एका घरी आणि मुले दुसऱ्या घरी, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हे सांगणारे कोणी नाही, असा प्रकार होता. आकाशातील अमुक वर्गाचा लघुग्रह म्हणजे कपाटातील अमुक जातीचा दगड, असे तर्काने म्हणता येई. खात्रीने म्हणता येत नसे. पत्रिका आणि मुलगा दोन्ही एकाच वेळी पुढ्यात आल्याशिवाय हा गुंता सुटणारा नव्हता. लघुग्रहावर यान पाठवून माती आणणे हा एक मार्ग. तो अतिशय खर्चाचा. दुसरा मार्ग म्हणजे एखादा लघुग्रह आपण होऊन पृथ्वीवर येत असताना त्याला वाटेतच गाठणे. २००८ पर्यंत हे कोणालाही साधले नव्हते.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टूसान शहराजवळ लेमन नावाचा पर्वत आहे. तेथे दीड मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह हुडकणे हे तिचे काम. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने चार छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांत तारे स्थिर असताना एखादा ठिपका सरकला आहे काय ते पाहावयाचे, अशी ही पद्धत. ५ ऑक्टोबरच्या रात्री रिचर्ड कोवाल्स्की हे निरीक्षक कामावर होते. मध्यरात्रीस वीस-एकवीस मिनिटे उरली असताना त्यांना असा एक सरकता ठिपका दिसला. आपल्या घड्याळाप्रमाणे तेव्हा ६ ऑक्टोबरची दुपार होती, बारा वाजून नऊ मिनिटे. असे ठिपके त्यांना नेहमीच सापडत. त्यांनी रिवाजाप्रमाणे त्याची स्थाने केंब्रिज येथील लघुग्रह केंद्राकडे पाठविली आणि ते पुढच्या कामास लागले.

केंद्रातील संगणकाने कक्षा काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो अडला. कारण त्या कक्षेत मध्येच पृथ्वी येत होती! माणसांनी हिशेब हाती घेतला, कॅलिफोर्नियातील नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत स्टीव्ह चेस्ली यांनी तो पुन्हा केला, आणि उत्तर आले ते असे: हा दगड एका दिवसाच्या आत पृथ्वीवर आदळणार, आणि तो उत्तर सुदानवर.

त्याला नाव मिळाले '२००८ टीसी ३'. हे नाव रुक्ष दिसते, पण त्यात बरीच माहिती भरलेली आहे. वर्षाचे चोवीस पंधरवडे कल्पून प्रत्येकास एक अक्षर दिलेले असते. 'टी' म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पुढचे अक्षर व अंक मिळून त्या पंधरवड्यातील अनुक्रम कळतो. पंचवीस अक्षरांच्या तीन फेऱ्या होऊन चौथ्या फेरीतील तिसरे अक्षर 'सी', म्हणजे हा त्या पंधरवड्यात नोंदला गेलेला अठ्ठ्याहत्तरावा लघुग्रह. आपल्याकडील पंचांगकर्त्यांना ही पद्धत आवडावी.

दगड लहान होता, व्यास सुमारे चार मीटर. आपल्या घरातील एखादी बेताची खोली जेवढी रुंद तेवढा. वजन सुमारे ८० टन असावे असा अंदाज निघाला. एवढ्या आकाराचा दगड वातावरणातच फुटतो, तेव्हा भीतीचे कारण नव्हते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्याने पाडले, त्या धोंड्यापुढे हा म्हणजे खडा. पण मोलाचा होता तो हाती असलेला वेळ: उणेपुरे वीस तास. जगभरच्या वेधशाळांना आणि हौशी निरीक्षकांना बातमी गेली. पृथ्वी फिरत असल्यामुळे एका देशात उजाडले की दुसऱ्या देशात अंधार पडे आणि तेथील दुर्बिणी काम उचलून घेत. या थोड्या तासांत त्याच्या स्थानांची साडेपाचशेहून अधिक मोजमापे जमा झाली. दगड अवकाशात कोलांट्या खात येत होता. एका कोलांटीस शंभर सेकंदांच्या आतबाहेर वेळ लागे, हेही त्याच्या कमीजास्त होणाऱ्या तेजावरून कळले. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा येथील विल्यम हर्शल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. हीच ती पत्रिका. सर्व रंगांत जवळजवळ सारखाच, सपाट आणि काळसर, असा तो वर्णपट होता. अशा लघुग्रहांना 'एफ' वर्ग म्हणतात. तासाभराचा प्रवास उरला असताना दगड पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि दुर्बिणींना दिसेनासा झाला.

हॉलंडच्या हवामान खात्यात विमानांसाठी हवामान सांगणारे याकोब काउपर यांना ही बातमी समजली होती. आफ्रिकेवरून आपले एखादे विमान जात असेल असे मनात येऊन त्यांनी डच विमान कंपनीला कळविले. जोहान्सबर्गहून अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या विमानाच्या चालकाने ठरलेल्या वेळी दिवे मंद करून बाहेर पाहिले. सुमारे १,४०० किलोमीटर दूर क्षितिजापाशी पिवळसर तांबूस उजेड लकाकून गेला.

सुदानात तेव्हा पहाटेचे पावणेसहा झाले होते. बडोद्यात सकाळचे सव्वाआठ. दगड सेकंदाला बारा किलोमीटरहून अधिक वेगाने आला आणि जमिनीपासून सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर फुटला. स्फोटाची शक्ती एक हजार टन स्फोटक दारूच्या घरातली होती. हवामानाच्या उपग्रहाने चमक टिपली, आणि मनुष्याच्या कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींची नोंद केनियातील यंत्रांत झाली. गणिताने दिलेल्या वेळेत आणि प्रत्यक्ष वेळेत फरक पडला तो काही सेकंदांचा. पहाटेच्या नमाजासाठी उठलेल्या वाळवंटातील लोकांना गणिताची काहीच खबर नव्हती. त्यांनी एकाएकी दिवस उगवल्यासारखा उजेड पाहिला, आणि नंतर आकाशात बराच वेळ रेंगाळणारी वेडीवाकडी धुराची रेघ पाहिली. कोणी तरी आपल्या मोबाईलवर तिचे चित्रही घेतले.

येथे बहुतेकांच्या दृष्टीने गोष्ट संपली. इतक्या उंचीवर फुटलेला दगड ठिसूळच असणार, त्याचे पीठ झाले असणार, खाली काही आले नसणार, असे जाणत्यांचे मत पडले. एक महिना गेला, दुसरा लागला.

पीटर येनिस्केन्स हे मूळचे हॉलंडचे, कॅलिफोर्नियातील सेटी संस्थेत उल्कांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. कोणीच शोधावयास जात नाही हे पाहून त्यांना चैन पडेना. त्यांनी खार्टूम विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यापक मुआविया शद्दाद यांच्याशी संधान बांधले आणि डिसेंबरच्या आरंभी ते सुदानात जाऊन पोहोचले. येनिस्केन्स यांच्याजवळ अमेरिकेत केलेले मार्गाचे गणित होते. शद्दाद यांच्याजवळ त्याहून दुर्मिळ अशी सामग्री होती: वाट माहीत असलेली माणसे, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची हातोटी, आणि विद्यार्थी. या हकिगतीत पुष्कळदा परदेशी दुर्बिणींचेच कौतुक होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. दोघांपैकी एकाचेच साहित्य असते तर दगड वाळूतच राहिला असता.

वादी हल्फा ते अबू हमद असा एक लोहमार्ग नुबियन वाळवंट चिरून जातो. १८९७ मध्ये किचनेर याने सुदानवरील स्वारीसाठी तो घातला. हाच किचनेर पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला, त्यामुळे जुन्या मंडळींना नाव ठाऊक असेल. नाईल नदी तेथे मोठे वळण घेते. ते वळण टाळून सरळ वाळवंटातून सुमारे ३७० किलोमीटर रूळ टाकले. वाटेत गावे नव्हती, मग स्थानकांना नावे कोठून आणणार? त्यांना नुसते क्रमांक दिले. त्यांतील सहाव्या स्थानकाला अरबीत म्हणतात 'अल्महत्ता सित्ता'. महत्ता म्हणजे स्थानक, सित्ता म्हणजे सहा. याच स्थानकाच्या आसपासच्या लोकांनी तो उजेड पाहिला होता. शोधपथकाने आधी त्यांना गाठले आणि उजेड कोणत्या दिशेस, किती उंच दिसला, हे हाताने दाखवून घेतले. त्यांची साक्ष व अमेरिकेतील गणित यांचा मेळ बसला.

मग खरे काम सुरू झाले. वाळवंटात अशनी शोधणे सोपे, असे पुस्तकात लिहिलेले असते. पाऊस नाही म्हणून दगड गंजत नाही, झाडी नाही म्हणून लपत नाही, आणि फिक्या वाळूवर काळा दगड उठून दिसतो. हे खरे आहे, पण नुबियन वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. तेथे खडीची मैदाने आहेत, कोरड्या ओढ्यांची पात्रे आहेत, काळ्या खडकांच्या टेकड्या आहेत. काळा दगड तेथे पावलोपावली भेटतो. त्यातून आपला तेवढा वेचावयाचा. विद्यापीठातील पंचेचाळीस विद्यार्थी व कर्मचारी एका ओळीत, दोघांमध्ये काही पावलांचे अंतर ठेवून उभे राहिले. खाली मान घालून सर्वांनी एका चालीने चालावयाचे, ओळ मोडावयाची नाही, आणि वेगळा दगड दिसला की हाक मारावयाची. शेतात कांदे काढून झाल्यावर राहिलेले कांदे वेचण्यासाठी बायका जशा सरीने सरीने जातात, तशीच ही रीत. फरक इतकाच की येथे रान किलोमीटर-किलोमीटर रुंद होते आणि पीक आले आहे की नाही हेच माहीत नव्हते.

६ डिसेंबर रोजी एका विद्यार्थ्याला तो सापडला. लहानसा, कुट्ट काळा, आजूबाजूच्या कोणत्याही दगडाशी न जुळणारा. दोन महिन्यांपूर्वी चंद्राच्याही पलीकडे ठिपक्याच्या रूपाने दिसलेला लघुग्रह आता एका विद्यार्थ्याच्या पायाशी पडला होता. त्या मोहिमेत एकंदर पंधरा तुकडे मिळाले. उघड्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खात गुंडाळण्यात आले, आणि प्रत्येक तुकडा नेमका कोठे मिळाला त्याची नोंद झाली. महिनाअखेरीस बहात्तर जणांची दुसरी मोहीम निघाली. दोन्ही मिळून सत्तेचाळीस तुकडे झाले. सर्वांत लहान दीड ग्रॅमचा, सर्वांत मोठा २८३ ग्रॅमचा, सर्वांचे मिळून वजन चार किलोंना थोडे कमी.

तुकडे पसरले होते ते दगडाच्या मार्गाच्या खाली, २९ किलोमीटर लांब पट्ट्यात, आणि त्यांतही एक क्रम होता. आपल्या खळ्यावर धान्य उफणताना जड दाणे जवळ पडतात आणि हलका भुसा वाऱ्याने दूर जातो. येथे नेमके उलट घडते. वेग असतो तो दगडाच्याच अंगी. हलक्या तुकड्याला हवा लवकर थोपविते म्हणून तो अलीकडे पडतो, जड तुकडा हवेला दाद न देता पुढे जातो. त्यामुळे मोठे तुकडे कोणत्या टोकाला शोधावयाचे ते कळले. पुढील मोहिमांत आणखी शेकडो तुकडे मिळून एकंदर सुमारे सहाशे झाले. वजन भरले साडेदहा किलो. ऐंशी टनांतले साडेदहा किलो, म्हणजे साडेसात हजार भागांत एक भाग. बाकीचा सगळा धूळ झाला होता. जाणत्यांचा अंदाज अगदीच चुकला होता असे म्हणता येणार नाही!

२६ मार्च २००९ रोजी 'नेचर' या नियतकालिकात ही सर्व हकिगत शास्त्रीय निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अशनीला नाव मिळाले अल्महत्ता सित्ता. राजाचे नव्हे, शोधकाचे नव्हे. वाळवंटातील एका क्रमांकाच्या स्थानकाचे.

आता पत्रिका जुळली काय? प्रयोगशाळेत या तुकड्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश तपासला, तेव्हा तो ला पाल्मा येथे घेतलेल्या वर्णपटाशी जुळला. म्हणजे 'एफ' वर्गाचा हा लघुग्रह कोणत्या दगडाचा होता ते प्रथमच खात्रीने कळले. ही जात निघाली युरेलाइट. हे नाव रशियातील नोवो-उरेई या गावावरून आले आहे. १८८६ मध्ये तेथे असा दगड पडला, आणि गावकऱ्यांनी त्यातील काही भाग चक्क खाऊन टाकला असे सांगतात. औषधी गुणाचा समज असावा. दोन वर्षांनी त्याच दगडात रशियन रसायनशास्त्रज्ञांना बारीक हिरे आढळले, तेव्हा गावकऱ्यांनी काय खाल्ले याचा उलगडा झाला. युरेलाइटमध्ये कार्बन पुष्कळ असतो. काही ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या रूपाने, आणि काही सूक्ष्म हिऱ्यांच्या रूपाने. दागिन्यांस त्या हिऱ्यांचा उपयोग नाही, हे गृहिणींस आधीच सांगितलेले बरे.

परंतु लवकरच असे दिसून आले की सगळे तुकडे युरेलाइटचे नाहीत. बरेच तुकडे अगदी निराळ्या जातींचे निघाले, आणि त्या जाती सौरमालेत वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या परिस्थितीत घडलेल्या. एरवी असे दोन दगड एकाच रानात सापडले असते, तर दोन निरनिराळ्या वेळी पडले असे कोणीही म्हटले असते. येथे तसे म्हणण्यास जागा राहिली नाही. ते ताजे होते आणि एकाच पट्ट्यात मिळाले होते. यावरून असा निष्कर्ष निघाला की तो चार मीटरचा धोंडा अखंड नव्हताच. फार पूर्वी एखादा मोठा गोल फुटला, त्याचा चुरा पुन्हा एकत्र आला, त्यात परक्या गोलांचे तुकडे येऊन मिसळले, आणि भेळेसारखी ही सैल गोळाबेरीज अवकाशात फिरत राहिली. तो इतक्या उंचीवर का फुटला तेही यावरून समजते.

मग तो मूळचा गोल केवढा होता? २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी या हिऱ्यांच्या पोटात अडकलेले अतिसूक्ष्म खनिजकण तपासले. असे कण धरून ठेवणारे हिरे घडण्यास वातावरणाच्या दोन लाख पटीहून अधिक दाब लागतो, असे त्यांचे म्हणणे. तेवढा दाब पोटात असणारा गोल बुधाएवढा किंवा मंगळाएवढा तरी असला पाहिजे. म्हणजे सौरमालेच्या बालपणी फुटून नाहीशा झालेल्या एका ग्रहाचे हे अवशेष! कल्पना मोठी मोहक आहे. परंतु २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखविले की दोन गोलांची टक्कर झाली असता क्षणभर येणाऱ्या दाबाने, लोखंडाच्या साहचर्याने, असे हिरे तयार होऊ शकतात. त्यासाठी हरवलेल्या ग्रहाची गरज नाही. वर्तमानपत्रांनी पहिली बातमी मोठ्या अक्षरांत छापली, दुसरी फारशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही. त्याच वर्षी एका ठिपक्याएवढ्या तुकड्यात ट्रेमोलाइट हे खनिज मिळाले. पाण्याचा अंश असल्याखेरीज आणि बराच काळ दाब व उष्णता मिळाल्याखेरीज ते होत नाही. त्यावरून आणखी एका, सीरीस या सर्वांत मोठ्या लघुग्रहाच्या तोडीच्या, नष्ट गोलाचा माग लागला आहे. मला हा दुसरा माग अधिक भरवशाचा वाटतो.

दगडाला मोल आले की बाजार भरतो. अल्महत्ता सित्ताचेही बरेच तुकडे व्यापाऱ्यांच्या हाती जाऊन परदेशात विकले गेले. निरनिराळ्या जातींचे पुष्कळसे निदान जर्मनीतील शास्त्रज्ञांनी अशाच विकत मिळालेल्या तुकड्यांवरून केले, तेव्हा या व्यापाराने विद्येचे काहीच भले झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु विकत घेतलेल्या तुकड्याला आपण कोठे पडलो ते सांगता येत नाही. विद्यार्थ्यांनी वेचलेला प्रत्येक तुकडा ते सांगतो. फुटण्यापूर्वी त्या धोंड्यात कोणता दगड कोणाच्या शेजारी होता हे कधी काळी मांडता आले, तर ते या नोंदींवरूनच मांडता येईल. पुढे १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये यादवी युद्ध पेटले आणि विद्यापीठाचे वर्ग ओस पडले. एका ओळीत चालत गेलेली ती मुले आता तिशीच्या पुढची झाली असतील.

२००८ नंतर असे आगाऊ ओळखलेले दगड आणखी आले; २०२४ अखेर त्यांची संख्या अकरा झाली. पुष्कळसे समुद्रावर किंवा निर्जन प्रदेशावर पडले. २ जून २०१८ चा दगड मात्र पुन्हा वाळवंटातच, बोट्सवानाच्या कलहारीत पडला. त्यालाही कोवाल्स्की यांनीच प्रथम पाहिले होते, आणि त्याच्या शोधातही येनिस्केन्स होते. सिंहांचा वावर असलेल्या अभयारण्यात पहारेकरी बरोबर घेऊन शोध करावा लागला, आणि तीन आठवड्यांनी पहिला तुकडा मिळाला. २१ जानेवारी २०२४ रोजी बर्लिनजवळ पडलेला दगड ऑब्राइट या दुर्मिळ जातीचा निघाला.

या जातीशी आपल्या गुजरातचे नाते आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठा जिल्ह्यात दियोदर तालुक्यात आवाज होऊन दगड पडले. एक कडुलिंबाच्या फांदीवर आदळून फुटला, दुसरा एका घराच्या ओसरीत येऊन फरशी फोडून गेला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तपासले तेव्हा ते ऑब्राइट ठरले. हिंदुस्थानात त्यापूर्वी असा दगड १८५२ मध्ये बस्ती येथे पडला होता. त्याआधी २८ जानेवारी १९७६ च्या रात्री सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाला गावाभोवती दगडांचा वर्षाव झाला होता. शेकडो तुकडे मिळून सुमारे ४५ किलो माल जमा झाला. वयस्कर सभासदांपैकी काहींना ती रात्र आठवतही असेल.

म्हणून शेवटी थोडी उपयोगाची माहिती. आपल्यापैकी अनेकांची शेती खेड्यांत आहे. आकाशात मोठा उजेड दिसून गडगडाट झाला आणि शेतात किंवा अंगणात काळ्या, पातळ कवचाचा, आकाराच्या मानाने जड असा नवा दगड दिसला, तर प्रथम वेळ लिहून ठेवावी आणि जागेवर खूण करावी. दगड जळत असेल अशी भीती बाळगू नये. पडताना तो बहुधा थंड झालेला असतो. तो उघड्या हाताने न उचलता स्वच्छ कागदात किंवा वर्खात घ्यावा. पाण्याने धुऊ नये. हळदकुंकू वाहून पूजा करण्याची हौस असेल तर ती मनातल्या मनात करावी. आत काय आहे म्हणून हातोडीने फोडू नये. आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते, परीक्षेसाठी लोहचुंबक तर मुळीच लावू नये. दगडात अब्जावधी वर्षांपूर्वीचे क्षीण चुंबकत्व टिकलेले असू शकते आणि ते चुंबकाच्या एका स्पर्शाने पुसले जाते. मामलतदार कचेरीत वर्दी द्यावी. आपल्या देशात असे दगड सांभाळण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याकडे आहे, आणि त्याचा अशनींचा मोठा संग्रह कोलकाता येथे आहे. खात्याच्या माणसांना किंवा अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना दगड देताना तो ज्या जागेवर मिळाला ती जागा त्यांना स्वतः नेऊन दाखवावी.